भातावर ताणलेलं गाणं

ती पट्टी कॅसेटची नव्हती, हे मला आधी तिच्या रुंदीवरून कळलं. कॅसेटची पट्टी अरुंद असते. लहानपणी पेन्सिल घालून इतक्या वेळा गुंडाळली आहे की बोटांना ती पाठ आहे. हौसाकाकीने भाताच्या खाचरावर या काठीपासून त्या काठीपर्यंत ताणलेली तपकिरी पट्टी तिच्या दीडपट तरी रुंद होती. वारा आला की ती घुंईं करून वाजायची, उन्हात चमकायची, आणि पोपटांचा थवा वळून पलीकडच्यांच्या शेतावर उतरायचा.

माझं असलं बारीक लक्ष जरा अतीच असतं. सुजय, माझा नवरा, म्हणतो, "तू घरात असलीस की कॅमेरा बसवायला नको." तो जहाजावर इंजिनीयर, सहा-सहा महिने पाण्यावर. तिथून चिडवायला काय जातं? जुलैमध्ये राहीला, आमच्या सव्वा वर्षाच्या लेकीला, ताप चढून आकडी आली तेव्हा रत्नागिरीच्या त्या फ्लॅटमध्ये मी एकटी होते. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांना येते अशी, घाबरू नका, मोठी झाली की जाईल. मी मान डोलावली. घाबरायची मात्र थांबले नाही. तेव्हापासून माझा एक कान कायम राहीकडे लागलेला. अंघोळीला गेले तरी दार किलकिलं. फोनवर काही ऐकायचं तर इअरफोनचं फक्त डावं बोंड कानात, उजवं गळ्यात लोंबतं. इअरफोनशिवाय फोनमधून आवाजच येत नव्हता, कारण राहीने तो बादलीत बुडवला होता. स्पीकर गेला. कॉल आला की नुसता थरथरायचा.

शेवटी सासूबाईंनीच सुचवलं, की जा काही दिवस काकीकडे. हौसाकाकी म्हणजे सुजयची थोरली चुलती. चांदेराईच्या पुढे, सड्याच्या, म्हणजे लाल कातळाच्या पठाराच्या, पायथ्याशी एकटी राहते. धाकूकाका, तिचे यजमान, जाऊन नऊ वर्षं झाली. मी त्यांना पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

"काकी, ही पट्टी कसली हो?" मी विचारलं.

"ही होय? ह्यांच्या चक्र्या." ती मेरेवर, खाचराच्या बांधावर, वाकून गवत काढत होती, मान वर न करता म्हणाली. "आठ व्हत्या पेटीत. एक ताणली की दोन-तीन वर्षं पुरते. मंग उन्हापावसानं तुकडं पडतात. आता एकच ऱ्हायलीय."

"पण कसल्या चक्र्या? काय होतं त्यांच्यावर?"

"गाणी असतील. मुंबईत हे ब्यानमदी व्हते ना."

ब्यान म्हणजे बँड हे कळायला मला क्षणभर लागला. मी समजले लग्नाचा, ट्रम्पेटवाला.

"तसला नव्हं गो. केसवाल्यांचा."

घरी आल्यावर तिने पेटी उघडून दाखवली. एका फोटोत चार पोरगे, खांद्यापर्यंत केस, पायघोळ विजारी, एकाच्या गळ्यात चक्क बायकी माळ. कडेला उभा असलेला काळा, उंच मुलगा म्हणजे धाकूकाका. हातात बेस गिटार होती, पण धरली होती कुदळ धरावी तशी. मागे इंग्रजीत लिहिलेलं: 'द रेड प्लॅटो, १९७१'. लाल सडा! मी मोठ्याने हसले. गोदीत कारकुनी करणाऱ्या आपल्या गावच्या माणसाने मुंबईतल्या बाकी तिघांना सडा म्हणजे काय ते कसं समजावलं असेल?

"मग त्यांनी ह्या चक्र्या शेतात का लावल्या?" मला राहवेना.

"त्यांनीच पयली ताणली. मी म्हटलं, अवो, जीव लावून ठेवलंय ना? तर म्हणाले, माणसांनी आयकलं नाय, पाखरं तरी आयकू देत. आणि पाखरं पळाली, तवा किती हसले! म्हणाले, बघ हौसा, पाखरं पण पळतात."

ती स्वतःही हसली. मग पदराने फोटोवरची धूळ पुसता पुसता म्हणाली, "मी नाय कधी आयकलं त्यांचं. लग्न झालं, वर्षात मामंजी गेले, हे मुंबई सोडून आले ते शेतातच. भजनाला जायचे, पण पाठी बसायचे, टाळ घेऊन. तोंड उघडायचे नाय. वाऱ्यावर पट्टी वाजते ना, तेवढंच माझ्या वाट्याचं."

तिच्याकडे रेंज येत नाही. रेंजसाठी सड्यावर जायचं, काजूच्या झाडाखाली. दुसऱ्या दिवशी मी राहीला कडेवर घेऊन चढले आणि बँडचं नाव शोधलं. वाटलं, काय मिळणार! तर मिळालं. कुणीतरी त्यांची एक छोटी तबकडी इंटरनेटवर चढवली होती, दोन इंग्रजी गाणी. झाडाच्या सावलीपासून पन्नास पावलांवर जुनी चिरेखाण आहे, पाण्याने भरलेली, म्हणून राहीच्या कमरेला माझी ओढणी बांधलेली, ओढणीचं दुसरं टोक माझ्या मनगटाला. आणि डाव्या कानात १९७१ साल.

मला रॉक संगीतातलं काही कळत नाही. कॉलेजात मित्रमैत्रिणी ऐकायचे तेवढंच. पण हे ऐकून मी उठून उभी राहिले. गिटार अशी वाकायची की उन्हात तापलेल्या कातळावरची हवा हलताना दिसावी. गाणारा नॉर्मन नावाचा वांद्र्याचा मुलगा होता, चांगला गात होता. पण त्याच्या खालून चालणारा बेस! तो गाण्याच्या मागून चालत नव्हता, पुढे होऊन वाट दाखवत होता. आमच्याकडे शिमग्याला नाचत येणाऱ्या खेळ्यांमध्ये मृदंग जसा नाचणाऱ्याचा एक पाय अडवून मग सोडतो, तसा. त्या इंग्रजी गाण्याला आपण कुठे चाललोय हे माहीतच नव्हतं, धाकूकाकांना माहीत होतं.

खाली प्रतिक्रिया होत्या. ब्राझीलचा कुणी, पोलंडची कुणी. 'हे लोक कोण होते? बेसवर कोण आहे?' पन्नास वर्षांनी, समुद्रापलीकडून, हौसाकाकीच्या यजमानांची चौकशी. आणि एक प्रतिक्रिया मराठीत, कुणा म्हाताऱ्या गृहस्थांची: 'बहात्तर साली एका कॉलेजच्या हॉलमध्ये यांचा कार्यक्रम झाला. शेवटी बेस वाजवणाऱ्या मुलाने स्वतःचं मराठी गाणं म्हटलं. अर्धा हॉल उठून गेला, कारण लोकांना इंग्रजी हवं होतं. मी बसून राहिलो. तसं पुन्हा काही ऐकलं नाही. कुणाकडे आहे का?'

मी धावतच खाली आले. म्हणजे मी जितकी धावते तितकी, राहीचं डोकं धरून. उरलेल्या चक्रीचा डबा काढला. डब्यावर फाउंटन पेनने लिहिलेलं: 'मराठी. एकदाच. १९ मे १९७२.'

"काकी, ह्यावर काकांचा आवाज आहे! ही नाही ताणायची."

"आणि पोपट काय माझ्या तोंडाकडं बघून जातील?" तिने जुन्या पट्टीकडे बोट दाखवलं. दोन ठिकाणी तुटून लोंबत होती. भाताच्या दाण्यात नुकतं दूध भरलेलं. मग डबा हातात घेऊन बराच वेळ ते अक्षर बघत उभी राहिली. तिला वाचता येत नाही. "आवाज हाय म्हणतेस?"

"असणार."

"आठ दिस थांबते. आवाज असंल तर ठेवू. नसंल तर नुसत्या पट्टीला पूजून काय करू? भात तरी राखंल."

रत्नागिरीत माळनाक्याला विनोद सर म्हणून आहेत, रेडिओवर तंत्रज्ञ होते, आता निवृत्त. घरी चक्रीचं, म्हणजे जुन्या स्पूल टेपचं, मशीन अजून चालू ठेवलंय. माझ्या मैत्रिणीचे वडील. एसटीने जाऊन त्यांना चक्री दिली. त्यांनी पट्टी बोटांत धरली, वास घेतला, उजेडासमोर धरली.

"एकदा वाजेल," ते म्हणाले. "दुसऱ्यांदाचं वचन देत नाही. मीही परवा मुलीकडे निघालोय, त्याआधी करून पाठवतो. एवढा चेहरा नको पाडू गं, पेशंट नाहीये ती."

पाचव्या दिवशी केरू रिक्षावाल्याने रत्नागिरीहून मासळीबरोबर चक्रीचा डबा आणून दिला. बांगडे काकीकडे, डबा माझ्याकडे. मी राहीला उचललं आणि सड्यावर गेले. फोनवर गाण्याची फाइल आलेली होती, खाली विनोद सरांची एक ओळ: 'झालं. दोन्ही काटे छान हलत होते. आरामात ऐक. मी गाडीत आहे.'

ओढणी बांधली. डावं बोंड कानात घातलं.

सुरुवातीला नुसता बेस. एक ठोका, थांबा, दोन ठोके. मग ढोलकं नाही, डबा नाही, ड्रमच, पण वाजवणाऱ्याला कुणीतरी खेळ्यांचा ठेका शिकवलेला. मग गिटार आली, आणि ती मागून आली, म्हणजे उलटी, स्वर आधी संपून मग सुरू व्हावा तशी. पुढे सगळे मिळून कुणाला तरी जागा करून द्यायचे, हळू व्हायचे, वाट बघायचे, आणि पुन्हा चालू लागायचे. मी गाणं सुरू व्हायची वाट बघितली. सहा मिनिटं. मोकळी केलेली जागा मोकळीच राहिली. कुणी गायलंच नाही.

परत ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकलं. राही काजूची सुकी पानं तोंडात घालत होती, ती काढत काढत ऐकलं. नुसती वाद्यं. आवाज नंतर भरायचा असेल आणि तो भरायचा राहून गेला असेल, दुसरं काय!

खाली येऊन मी काकीला सांगितलं.

"काकी, आवाज नाही हो त्याच्यावर. नुसतं वाजवलंय. फार सुंदर वाजवलंय."

ती बांगडे साफ करत होती. हात थांबले नाहीत. "बरं," म्हणाली. मग पुढचा बांगडा उचलत, "मला वाटलंच व्हतं. तोंड उघडणारा माणूस नव्हंच तो." आणि शेवटी हात धुताना, "सकाळी ताणू मंग."

सकाळी आम्ही तिघी शेतात. काकीने नव्या काठ्या रोवल्या, चक्रीचं टोक पहिल्या काठीला गाठ मारून बांधलं आणि चालू लागली. चक्री तिच्या हातात फिरत होती. मला ते बघवत नव्हतं. नुसती वाद्यं का असेनात, त्या चौघांनी केलेली ती गोष्ट होती, आणि ती आता पोपटांना घाबरवणार. फाइल आहे ना आपल्याकडे, असं स्वतःला समजावत मी राहीला मांडीवर घेऊन मेरेवर बसले, ओढणी मनगटाला, आणि निदान पट्टी ताणली जाताना गाणं चालू असू दे म्हणून डावं बोंड कानात घातलं.

मोकळी जागा आली. गिटार हळू झाली. आणि माझं लक्ष नेमकं पट्टीकडे गेलं असताना राहीने लोंबतं उजवं बोंड पकडून सरळ तोंडात घातलं.

"अगो, गिळंल ती!" काकी पाच पावलांवर होती. चक्री काखेत मारून ती आलीच. राहीच्या गालात बोट घालून बोंड काढलं, पदराला पुसलं. "काय आयकत असतेस गो दिसभर? बघू तरी." आणि ते कानाशी धरलं.

राही रडायला लागली. काकीने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"कोण गातंय ह्यो?"

"कोणी नाही गात काकी. तेच वाजवलेलं आहे."

"गातंय की!"

"अहो मी चार वेळा ऐकलंय. गिटार आहे ती, तशीच वाजते, माणसासारखी."

"मला शिकवू नको. गिटार सडा म्हणंल? 'सड्यावर पाणी' म्हणतोय! वाजत काय पण नाय हिकडं, नुसता माणूस गातोय."

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो, मध्ये हातभर वायर. माझ्या कानात नुसती वाद्यं. तिच्या कानात नुसता आवाज.

दोन्ही काटे छान हलत होते. विनोद सरांनी चक्क लिहिलं होतं! मशीनवर डाव्या आवाजाला एक काटा, उजव्याला एक. त्या काळी असंच करायचे म्हणे, वाद्यं एका बाजूला, गाणारा दुसऱ्या बाजूला; तबकडी काढताना मग सगळं एकत्र करायचे. पट्टीची ही एक बाजू, ती एक बाजू. तीन महिने मी जगाची एकच बाजू ऐकत होते आणि काल तिच्यावरून काकीला निकाल देऊन मोकळी झाले होते. आणखी वीस पावलं ती चालली असती तर? मी माझ्या कानातलं बोंड काढून तिच्या दुसऱ्या कानात घातलं आणि गाणं पहिल्यापासून लावलं.

हौसाकाकी भातात उभी. काखेत चक्री, चक्रीपासून काठीपर्यंत तिरकी ताणलेली पट्टी. मला आता काहीच ऐकू येत नव्हतं, राहीचं हुंदके देणं सोडून. मी फक्त तिचा चेहरा बघत होते. ती हसली नाही, रडली नाही. एकदाच म्हणाली, मोठ्याने, बहिऱ्या माणसाने बोलावं तसं, "किती वरचा लावलाय!" आणि अगदी शेवटी कपाळाला आठ्या पाडून काहीतरी लक्षपूर्वक ऐकलं.

"संपल्यावर बोलतात ते काय?"

"कोण बोलतं?"

"कोण तरी म्हणतो, परत घेऊया का? तर हे म्हणतात, नको बाबा, बोट चुकंल माझी." तिने बोंडं कानांतून काढली. "कंच्या तारखेचं म्हणालीस?"

"एकोणीस मे. बहात्तर."

"बावीसला आमची हळद." ती मेरेवर बसली, माझ्या शेजारी. "पावसाच्या आधीची शेवटची बोट ती. रत्नागिरीला भगवती बंदरावर उतरले ते वांत्या करून करून पिवळे. माझ्या सासूबाई म्हणायच्या, पोराला हळद लावायची गरजच नव्हती, पिवळाच आला." मग ती हसायला लागली, इतकी की राही रडायची थांबून तिच्याकडे बघू लागली. "म्हणजे माझ्यापायी एकदाच गायले. नायतर आणि एकदा गायले असते."

मी म्हटलं, "बरं झालं, काकी. एकदाच इतकं आहे."

"तू आयकलंसच कुठं?" ती म्हणाली. "अर्धं आयकलंस. दे ती पोर हिकडं. दोन्ही कानांत घाल."

मी ओढणीची गाठ सोडेपर्यंत तिने राहीला उचललंही होतं. मला सांगायचं होतं की हिला आज शिंका आल्यात, पाण्याच्या पाटाजवळ नेऊ नका, डोळ्यांत बघत राहा, डोळे स्थिर झाले तर लगेच हाक मारा. मारलेली हाक ऐकू येणार नव्हती, हेही डोक्यात आलं. काकीने माझ्याकडे बघून नुसता हात हलवला, माशी हाकलावी तसा.

मी दोन्ही बोंडं घातली.

बेस डावीकडून आला, एक ठोका, थांबा, दोन ठोके. आणि मोकळी जागा आली तेव्हा उजवीकडून चोवीस वर्षांचा एक मुलगा आत आला.

सड्यावर पाणी नाही, पाण्यात सडा दिसतो,
मी उलटा चालत येतो, माझा पाय मला हसतो.
कातळाला फुटलं फूल, फुलाला नाही नाव,
हाक मारून थकलो, कुठं गेलं माझं गाव.

आवाज शिकलेला नव्हता. खळ्यावरून पलीकडच्या खळ्यात हाक मारणाऱ्याचा होता, वर चढून तिथेच थांबणारा. मुंबईतल्या एका बंद खोलीत, गोऱ्यांची वाद्यं घेऊन, चांदेराईच्या पुढच्या ह्या मुलाने पावसाळ्यातला आमचा सडा उभा केला होता. डबकी, डबक्यांतलं आभाळ, चार दिवस टिकणारी ती निळी फुलं. हॉलमधून उठून गेलेल्या लोकांची मला कीव आली. मला त्या म्हाताऱ्या गृहस्थांना सांगायचं होतं की आहे, आमच्याकडे आहे, तुम्ही बसून राहिलात ते बरोबर केलंत. संध्याकाळी सड्यावर जाऊन सांगणार होतेच.

समोर काकीने राहीला कडेवर घेऊन पट्टीचं टोक काठीवरून सोडलं होतं. चक्री राहीच्या हातात दिली होती आणि राहीचा हात धरून दोघी ती परत गुंडाळत होत्या. पोपट आले. दहा-बारा असतील, सरळ भातावर उतरले. काकीने चक्री मेरेवर ठेवली, पाण्याचा रिकामा डबा उचलला आणि दगडाने बडवायला लागली. राहीचं तोंड उघडलं होतं, पूर्ण. ती रडत होती की हसत होती ते मला कळत नव्हतं. मी अर्धी उठले. मग तिचे दोन्ही हात टाळ्या वाजवताना दिसले आणि परत बसले.

पोपट उठले. कानात धाकूकाकांचा सूर तिसऱ्यांदा वर चढला. काकीचा डबा ठेक्यात अजिबात नव्हता.